परीचे पंख आणि आसरांची अट

जाणत्या माणसाने पऱ्यांवर लिहावे, तेही मंडळाच्या पुरवणीत, हे काही वाचकांना पोरकट वाटेल. पण मला हे वेड शाळेत असल्यापासून आहे आणि नोकरी, संसार, दुबईतली इतकी वर्षे यांतही ते उतरलेले नाही. पऱ्या, अप्सरा, यक्ष, वेताळ, इंग्रजी कथांतले एल्फ, इथले जिन्न, जे हाती लागेल ते वाचत आले. या वाचनातून माझी एक तक्रार तयार झाली आहे. आज आपण मुलांच्या हाती जी मराठी परी देतो ती फारच बिनधोक झाली आहे. पांढरा झगा, पाठीला पंख, हातात चांदणी लावलेली छडी. मुलाने मागायचे, तिने द्यायचे. एवढ्यावर गोष्ट संपते.

मुळात ही परी आली कुठून? शब्द फारसी आहे. अवेस्तात तिचे पूर्वरूप ‘पैरिका’ म्हणजे दुष्ट मायाविनी. पुढे फारसी काव्यात ती देखणी झाली आणि उर्दू-दखनीच्या वाटेने आपल्याकडे पोचली. इंग्रजी ‘फेअरी’शी तिचे नाते असावे असे कानाला वाटते, पण तो योगायोग आहे, तो शब्द फ्रेंचमधून, त्याआधी दैव या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लखनौच्या अमानतने ‘इंदरसभा’ लिहिले. त्यात इंद्राच्या दरबारात अप्सरांच्या जागी पऱ्याच नाचतात. सब्ज परी एका मानवी राजपुत्रावर भाळते आणि शिक्षा म्हणून तिचे पंख छाटून तिला स्वर्गाबाहेर घालवतात. पुढे पारशी नाटक मंडळ्यांनी हे नाटक गाजवले. म्हणजे आपल्या मुलखात परी आणि अप्सरा यांची गाठ पडली तेव्हाही परीला कायदा होता आणि तो मोडल्याची किंमत होती.

माझे म्हणणे हेच आहे. परीकथेचा जीव पंखांत नसतो, अटीत असतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशी यांचा संवाद आहे आणि शतपथ ब्राह्मणात त्यामागची कथा सविस्तर येते. अप्सरा माणसाच्या घरी राहायला तयार होते, पण एक अट घालते : राजा तिला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्व कपटाने वीज चमकवतात, अट मोडते, उर्वशी निघून जाते. पुढे रानोमाळ भटकणाऱ्या राजाला ती दिसते ती तळ्यात, पाणपक्ष्याच्या रूपात, सख्यांबरोबर पोहताना. फ्रान्समधली मेल्युसिन याच जातीची. शनिवारी मला पाहू नकोस, असे ती नवऱ्याला बजावते. तो पाहतो आणि तिला गमावतो. कालिदासाने ‘विक्रमोर्वशीयम्’ लिहिताना शेवट गोड केला, पण अट काढून टाकली नाही, फक्त बदलली : राजाने पुत्रमुख पाहीपर्यंतच उर्वशीने पृथ्वीवर राहायचे. अटीशिवाय ही गोष्ट उभीच राहत नाही, हे तो जाणत होता.

‘अप्सरा’ या शब्दातच पाणी आहे. आणि महाराष्ट्रात अप्सरेची खरी वारसदार नाटकात सापडत नाही, ती विहिरीच्या काठावर सापडते. साती आसरा म्हणजे शेंदूर फासलेले सात दगड, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण. ‘आसरा’ हे अप्सरेचेच बोलीतले रूप. त्यांची परंपरेने चालत आलेली नावे पाहा : मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर! यांना झगा कोण घालणार? भर दुपारी, तिन्हीसांजेला एकट्याने पाण्यावर जाऊ नये, गेलेच तर पाण्याचा मान राखावा, नाहीतर आसरा ओढून नेतात, असे खेड्यांतून सांगत. आसरा प्रसन्न होतात, बाधतातही. पाणी त्यांचे आहे, आपण तिथे घागर घेऊन आलेले पाहुणे, एवढे भान ती गोष्ट देते.

परीला लहान आणि निरुपद्रवी करण्याचा उद्योग इंग्रजीतही झाला. टॉल्किनने 1939 साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले, त्यात फुलांत लपणाऱ्या, पंखवाल्या चिमुकल्या पऱ्यांबद्दलची त्याची नाराजी स्पष्ट आहे. पुढे 1954-55 मध्ये आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधले त्याचे एल्फ उंच, गंभीर आणि दुःख जाणणारे आहेत. आपण मात्र त्याला नको असलेली परी उचलली आणि आपल्या आसरा काठावरच ठेवल्या.

आपण राहतो त्या देशाकडेही या नजरेने पाहावे. अमिराती लोककथांतली उम्म अद्‌-दुवैस अत्तराचा घमघमाट सोडत रात्री वाटेवर उभी राहते. रूप असे की पुरुष मागोमाग जातो. मग तिच्या हातांच्या जागी असलेली विळ्याची पाती दिसतात. मोत्यांसाठी समुद्रात जाणाऱ्या नावाड्यांना बाबा दर्याची भीती असे, तो रात्री माणसे ओढून नेई. ‘दर्या’ हा शब्द आपल्या कोळ्यांना परका नाही. या गोष्टी वाचताना मला साती आसरांची आठवण होते. ज्या पाण्यावर पोट आहे त्याचा धाक असावा, हे शहाणपण दोन्ही किनाऱ्यांना सुचले.

काही पालक म्हणतील, आधीच परक्या देशात वाढणाऱ्या मुलांना आणखी भीती कशाला? उत्तर रंगभूमीने दिलेले आहे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने मुलांसाठी नवे नाटक उभे केले. मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी आणि 2018 च्या नव्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी रंगवली. मुले घाबरतात, किंचाळतात आणि पुन्हा पाहायला मागतात. ‘चांदोबा’तला वेताळ तरी काय होता? उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, बोललास तर मी झाडावर परत जाईन! या कोड्यात आपली पिढी रमली. वेताळाने विक्रमाला नुसताच खजिना दिला असता, तर पुढचा अंक कोणी मागितला असता?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आसरांच्या कथांबरोबर अंधश्रद्धाही येते. आजारी मूल डॉक्टरकडे न नेता बाधा म्हणून उतारे टाकत बसणे घातकच. पण कथा सांगणे आणि उतारा टाकणे यांतला फरक मुलांना कळतो. विहिरीतून आसरा निघत नाहीत हे माहीत असलेले मूलही गोष्ट ऐकताना श्वास रोखते.

आपल्या घरांत हा विचार अधिक व्हावा असे मला वाटते, त्याला कारण आहे. आपण सारे इथे अटींवर राहतो. राहण्याच्या परवान्याची मुदत, नूतनीकरण, कधीतरी परत जाणे, हे आपल्या मुलांना बोलता येऊ लागल्यापासून ऐकू येते. मागाल ते देणारी परी त्यांना या जगण्याबद्दल काही सांगू शकत नाही. दुसऱ्याच्या घरी आलेली, अट सांभाळून राहिलेली आणि वेळ आली तेव्हा निघून गेलेली उर्वशी सांगू शकते. सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांना विहिरीकाठचे ते सात दगड दाखवा, आणि त्यांची नावे एकेक करून सांगा. मकरीपाशी आलात की मुले नक्की विचारतील, ‘ती चावते का?’

तिथून गोष्ट सुरू करावी.