‘एज ऑफ एम्पायर्स २’ मधील सैन्यबलाची तुलना : एक चिकित्सा

प्रस्तावना :

ऐतिहासिक कादंबरी, नाटक व चित्रपट यांतून घडणाऱ्या इतिहासदर्शनाची चिकित्सा मराठी समीक्षेला नवी नाही. संगणकीय खेळांकडे मात्र ही दृष्टी क्वचितच वळते. वस्तुतः मध्ययुगीन युद्धांशी अनेक विद्यार्थ्यांची पहिली ओळख ग्रंथातून न होता खेळातून होते. ‘एन्सेम्बल स्टुडिओज’ने निर्माण केलेला आणि ‘मायक्रोसॉफ्ट’ने १९९९ मध्ये प्रकाशित केलेला ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा अशा खेळांपैकी एक महत्त्वाचा खेळ होय. २००० मध्ये ‘द कॉन्करर्स’ हा त्याचा विस्तार आला आणि २०१९ मध्ये नवी आवृत्ती निघाली. ‘सर्वांत बलवान सैनिक कोणता?’ हा त्याच्या खेळाडूंचा नित्याचा प्रश्न आहे. या प्रश्नाचे उत्तर खेळ कसे देतो आणि त्या उत्तरातून इतिहासाविषयी कोणती धारणा रुजते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बलाचे गणित :

खेळातील प्रत्येक सैनिकाचे बल आकड्यांत मांडलेले असते. मार सोसण्याची क्षमता, आघात, चिलखत, पल्ला, वेग आणि खर्च हे त्याचे प्रमुख घटक होत. आघातातून चिलखताचा आकडा वजा करून प्रत्यक्ष हानी ठरते. ‘पॅलाडिन’ या श्रेष्ठ घोडेस्वाराची क्षमता १६० व आघात १४ आहे. ‘हॅल्बर्डियर’ या लांब दांड्याचे शस्त्र वापरणाऱ्या पायदळ सैनिकाची क्षमता केवळ ६० व आघात ६ आहे. या दोन ओळी शेजारी ठेवल्या, तर निर्णय उघड दिसतो. परंतु घोडदळाविरुद्ध हॅल्बर्डियरला ३२ इतका अतिरिक्त आघात मिळतो. पॅलाडिनचे २ एवढे चिलखत वजा जाता त्याचा प्रत्येक वार ३६ हानी करतो आणि पाच वारांत पॅलाडिन पडतो. पॅलाडिनलाही हॅल्बर्डियरला पाडण्यास पाचच वार लागतात. त्याचे वार अधिक जलद असल्याने एकास एक अशा झुंजीत तोच जिंकतो.

तथापि येथे खर्चाचा विचार अनिवार्य ठरतो. पॅलाडिनसाठी ६० अन्न व ७५ सोने, तर हॅल्बर्डियरसाठी ३५ अन्न व २५ लाकूड लागते. म्हणजेच चार पॅलाडिन उभे करण्यास जेवढी साधने खर्च होतात, तेवढ्यात नऊ हॅल्बर्डियर उभे राहतात. शिवाय सोन्याच्या खाणी आटतात. अन्न मात्र शेतीतून पुनःपुन्हा मिळते. द्वंद्वात हरणारा सैनिक दीर्घ युद्धात वरचढ ठरतो तो यामुळे. खेळातील बल हा सैनिकाचा अंगभूत गुण नसून प्रतिस्पर्धी, खर्च आणि काळ यांच्याशी असलेले त्याचे नाते आहे. युद्धाचा निकाल रणांगणाइतकाच कोठारात लागतो, हे ऐतिहासिक सत्य खेळाने येथे नेमके पकडले आहे. केवळ क्षमतेच्या आकड्यांवरून श्रेष्ठत्व ठरविणारी तुलना खेळालाही न्याय देत नाही.

गणिताबाहेर राहिलेले :

या मांडणीची मर्यादा इंग्रज ‘लाँगबोमन’ या धनुर्धराच्या बाबतीत स्पष्ट होते. त्याच्या श्रेष्ठ रूपाचा मूळ आघात ७ आहे. पॅलाडिनचे बाणांविरुद्धचे चिलखत ३ असल्याने प्रत्येक बाण ४ हानी करतो. म्हणजे एका स्वारासाठी ४० बाण लागतात. १४१५ मध्ये अजिंकुर येथे मात्र पावसाने भिजलेली नांगरट, जमिनीत रोवलेले अणकुचीदार खुंट आणि बाणांनी बिथरलेले घोडे यांमुळे फ्रेंच घोडदळाचा हल्ला फसला. खेळात उंचवट्यावरून केलेल्या माऱ्याला लाभ मिळतो. चिखलाला तेथे स्थान नाही. ‘द कॉन्करर्स’मध्ये अजिंकुरची लढाई स्वतंत्रपणे समाविष्ट आहे, परंतु चिखल आणि खुंट यांनी जे घडविले, ते सैनिकांच्या तक्त्यातून वाचता येत नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा प्रशिक्षणाचा आहे. लांब धनुष्य खेचण्याचे सामर्थ्य वर्षानुवर्षांच्या सरावाने येत असे. म्हणूनच १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सुटीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव करण्याची आज्ञा काढली. खेळातील किल्ल्यातून हाच धनुर्धर वीस सेकंदांच्या आत बाहेर पडतो. त्याचे मोल लाकूड आणि सोने यांत मोजले जाते. त्याच्यामागे उभा असलेला समाज हिशेबात येत नाही.

पर्शियन युद्धहत्तीचे उदाहरणही बोलके आहे. त्याच्या श्रेष्ठ रूपाची क्षमता ६००, म्हणजे पॅलाडिनच्या पावणेचार पट आहे. परंतु हत्तीदळाचा खरा धोका त्याच्या भीतीत असे. इ. स. पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलचे काही हत्ती रणशिंगांच्या आवाजाने बिथरून स्वपक्षाच्याच घोडदळावर उलटले. खेळातील हत्ती अखेरच्या अंकापर्यंत निर्भयपणे लढतो. तो उलटतोच, तर शत्रूच्या धर्मगुरूने त्याचे परिवर्तन केल्यामुळे. भीतीमुळे कधीच नाही.

संभाव्य आक्षेप :

बुद्धिबळातील हत्तीही बिथरत नाही. खेळाला निश्चित नियम लागतात, असा आक्षेप येथे घेता येईल. तो काही अंशी ग्राह्य आहे. परंतु बुद्धिबळ इतिहास सांगण्याचा दावा करीत नाही. प्रस्तुत खेळ मात्र जोन ऑफ आर्क, सलादिन, चंगीझखान यांच्या मोहिमा कथन करतो. शिवाय ही उणीव तांत्रिक अपरिहार्यता मानता येत नाही. ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’च्या ‘रोम : टोटल वॉर’ (२००४) या खेळात दलांचे मनोधैर्य खचते, सैनिक पळ काढतात आणि बिथरलेले हत्ती स्वकीयांनाही तुडवितात. त्यामुळे भय वगळणे ही निर्मात्यांची निवड ठरते. त्या निवडीने खेळ गतिमान झाला. त्यातील सैनिक मात्र केवळ खर्च करण्याजोगी वस्तू उरला.

समारोप :

सैन्यबलाची तुलना ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये दोन पातळ्यांवर वाचावी लागते. बल सापेक्ष असते आणि ते अर्थव्यवस्थेवर उभे असते, ही खेळाची शिकवण मौलिक आहे. भय, थकवा, सराव आणि भूमी यांना वगळूनही बल मोजता येते, ही त्याची दुसरी, न बोललेली शिकवण मात्र दिशाभूल करणारी आहे. इतिहासाच्या अध्यापकाने हा खेळ त्याज्य मानण्याचे कारण नाही. पॅलाडिन व लाँगबोमन यांचा तक्ता आणि अजिंकुरचा वृत्तांत वर्गात शेजारी ठेवून तक्त्यात कोणता रकाना नाही, असे विद्यार्थ्यांना विचारता येईल. त्या रिकाम्या रकान्याचा शोध घेताना आकड्यांत न मावणारा सैनिक त्यांना भेटू शकेल.