सातवाहन कोणाचे? : एका जुन्या वादाची तपासणी

पैठणचे सातवाहन मूळचे कोण, हा प्रश्न मराठवाड्यात इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकावा लागतो. मीही तो पुष्कळदा ऐकला आहे. विचारणाऱ्याजवळ उत्तर बहुधा तयारच असते. त्याला फक्त दुजोरा हवा असतो. एकाच्या मते सातवाहन ब्राह्मण, दुसऱ्याच्या मते नागवंशी अनार्य. कोणी त्यांना आंध्र म्हणतो, कोणी कानडी, तर कोणी नाणेघाटातल्या 'महारठी' या शब्दाचे बोट धरून थेट मराठा. प्रत्येकाजवळ एखादा शिलालेख, एखादे नाणे, एखादा पुराणातला शब्द असतोच. या लेखात मला सातवाहनांचे मूळ ठरवायचे नाही. हे दावे ज्या पुराव्यावर उभे आहेत तो किती भार पेलतो, एवढेच तपासायचे आहे.

असे वाद अन्यत्रही आहेत, आणि त्यांतला सर्वांत गाजलेला इजिप्तचा. सेनेगलचे अभ्यासक शेख अंता दिऑप यांनी १९५४ साली फॅरो हे कृष्णवर्णीय आफ्रिकी होते असा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. १९७४ मध्ये युनेस्कोने कैरोला परिषद भरवली, पण एकमत झाले नाही. २०२३ मध्ये एका मालिकेत क्लिओपात्राची भूमिका कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आणि इजिप्तमध्ये गदारोळ उठला. क्लिओपात्राचे टॉलेमी घराणे मॅसिडोनियातून आलेले, तर तिच्या कित्येक शतके आधीचे पंचविसावे राजघराणे नूबियाचे, म्हणजे आजच्या सुदानकडचे. तीन हजार वर्षांच्या राजवटीला एकच रंग देता येत नाही. शिवाय तिथल्या चित्रकारांनी एकाच घरातील पुरुष तांबूस तपकिरी आणि स्त्री फिकट पिवळी रंगवली आहे. ती रंगवण्याची रूढी होती. त्वचेची नोंद नव्हे. हा मुद्दा पुढे आपल्याही कामी येईल.

वंशाची मोजपट्टी

सातवाहनांच्या वादात 'वंश' हा शब्द दोन अर्थांनी फिरतो. शिलालेखांत 'वंस' किंवा 'कुल' म्हणजे घराणे. आपण मात्र त्यात एकोणिसाव्या शतकातला अर्थ घालतो : कवटी, नाक आणि रक्त. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून हिंदुस्थानातल्या लोकांचे वंश पाडले आणि मराठ्यांना 'शक-द्रविड' या खान्यात टाकले. जातीची उंची आणि नाकाची उंची सोबत चालतात, असा त्यांचा एकूण सूर होता.

ही मोजपट्टी फार काळ टिकली नाही, आणि ती मोडण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्ले यांचीच मापे तपासून दाखवले की, त्यांचा नियम देशभर लागू पडत नाही. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी 'जातिभेद निर्मूलना'त स्पष्ट मांडले, की एका प्रांतातल्या उच्च आणि नीच मानलेल्या जाती वंशाने वेगळ्या ठरत नाहीत. इरावती कर्वे यांनी तर बर्लिनला, जिथे वंशश्रेष्ठत्वाचे शास्त्र शिजत होते त्या संस्थेत, कवट्या मोजल्या; आणि कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही हा निष्कर्ष घेऊन त्या परतल्या. एवढे होऊनही सातवाहनांवर लिहिताना आपण रिस्लेंचीच पट्टी बाहेर काढतो, फक्त तिचे नाव घेत नाही.

नाशिकचा लेख अर्धा वाचला तर

ब्राह्मणत्वाचा दावा उभा आहे तो नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखावर. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरलेल्या या लेखात तिने आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण गायिले आहेत. त्यात त्याला 'एकबम्हण' म्हटले आहे, क्षत्रियांचा दर्प मोडणारा म्हटले आहे आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणाराही म्हटले आहे. हा लेख संपादित करणारे फ्रेंच पंडित सेनार यांच्यापासून 'अद्वितीय ब्राह्मण' हा अर्थ रूढ झाला. विरोधकांनी 'ब्राह्मणांचा एकमेव कैवारी' असा अर्थ लावला. समास दोन्ही अर्थ देतो. माझ्या मते पहिला अर्थ अधिक सरळ आहे. पण तो मान्य केला तरी पुढे काय?

पुढे कान्हेरी आहे. तिथल्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक राजांच्या कुळातली, महाक्षत्रपाची कन्या असल्याचे नमूद आहे. कार्दमक म्हणजे शक. शक-यवन-पल्हवांचा नाश करणारा म्हणून ज्या गौतमीपुत्राचा गौरव झाला, त्याच्याच घराण्यात त्याच्या मागोमाग शक राजकन्या सून म्हणून आली. इ.स. १५० च्या जुनागढ लेखात रुद्रदामनही सांगतो, की दक्षिणापथाच्या सातकर्णीला आपण दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे नष्ट केले नाही. म्हणजे संकर थांबवल्याची ग्वाही एका भिंतीवर आहे आणि सोयरिकीची नोंद दुसऱ्या भिंतीवर. 'एकबम्हण' उद्धृत करणारे कान्हेरी वगळतात आणि कान्हेरी सांगणारे 'एकबम्हण' वगळतात. दोन्ही लेख एकाच घराण्याचे आहेत, हे एका दमात सांगणारा विरळा.

गंमत अशी की, 'परका' शक रुद्रदामन आपली प्रशस्ती ऐटबाज संस्कृतात कोरतो, आणि 'ब्राह्मण' सातवाहनांचा दरबार प्राकृतात बोलतो. भाषेवरून वंश ओळखू पाहणाऱ्याने इथेच थांबून विचार करावा.

नागवंशाच्या दाव्याचेही असेच. नागनिका हे राणीचे नाव आणि पैठणच्या शालिवाहनाची कथा, म्हणजे गोदावरीतला नाग, ब्राह्मण कन्या, कुंभाराच्या घरी वाढलेला मुलगा आणि त्याची मातीची सेना, हा त्याचा आधार. कथा गोड आहे, पण तिच्या लिखित रूपांत आणि सातवाहनांत हजारभर वर्षांचे अंतर आहे. आणि त्याच कथेत आई ब्राह्मण आहे, हे सोयीने विसरले जाते. 'गौतमीपुत्र', 'वासिष्ठीपुत्र' या मातृनामांवरून कोणी मातृसत्ताक अनार्य परंपरा काढतो, तर त्याच नामांतल्या गोत्रांवरून दुसरा वैदिक ब्राह्मण परंपरा काढतो. एका शब्दातून दोन विरुद्ध वंश निघत असतील, तर तो शब्द वंशाचा पुरावा नव्हे.

आंध्र, कर्नाटक, विदर्भ

पुराणे या राजांना आंध्र, आंध्रजातीय, आंध्रभृत्य म्हणतात. स्वतः सातवाहनांनी मात्र आपल्या एकाही लेखात 'आंध्र' शब्द वापरलेला नाही. ऐतरेय ब्राह्मण आंध्रांना पुंड्र, शबर, पुलिंद यांच्या पंक्तीत, आर्य सीमेबाहेरचे म्हणून बसवते. म्हणजे पुराणांचे 'आंध्र' आणि नाशिकचे 'एकबम्हण' यांना वंशाच्या भाषेत एकत्र आणायला गेले, की एकच घराणे दस्यूही ठरते आणि ब्राह्मणही.

प्रांतांचे दावे तुलनेने सभ्य आहेत, कारण त्यांत निदान भूगोल आहे. वि. स. सुखठणकरांनी म्याकदोणीच्या लेखातल्या 'सातवाहनिहार' या प्रदेशनामावरून बल्लारीकडे बोट दाखवले. वा. वि. मिराशींनी गौतमीपुत्राच्या 'बेनाकटक' या उल्लेखाचा वैनगंगेशी मेळ घालून विदर्भाचा पक्ष मांडला. तेलंगणात गोदावरीकाठच्या कोटिलिंगाला येथे छिमुक म्हणजे सिमुकाची नाणी मिळाली, तेव्हा तिकडचे पारडे जड झाले. हलकी तांब्याची नाणी फार दूर जात नाहीत, म्हणून सिमुकाची सत्ता तिथे होती हे मानावेच लागते. पण सत्ता कोठे होती आणि कुळ कोठून आले हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पैठण राजधानी होती म्हणून सातवाहन मराठी ठरत नाहीत. त्याच न्यायाने कोटिलिंगालामुळे ते तेलुगू आणि बल्लारीमुळे कानडी ठरत नाहीत. या सगळ्या भाषा आज ज्या रूपात आहेत, त्या रूपात तेव्हा नव्हत्याच.

भाषेबद्दल बोलायचेच तर त्यांची चांदीची नाणी हाती घ्यावीत. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि प्राकृत अक्षरे, दुसऱ्या बाजूला तोच मजकूर द्राविडी भाषेत. बरेच अभ्यासक ती तमिळ मानतात. एकाच नाण्यावर दोन भाषा छापणारा राजा 'आपली भाषा कोणती' या प्रश्नाने झुरत नव्हता. बाजारात नाणे चालावे, एवढी त्याची फिकीर असावी.

चेहरे काय सांगतात

शेवटचा आधार चेहऱ्याचा. नाण्यावरचे नाक पाहा, ओठ पाहा, असे सांगणारे भेटतात. ते नाणे जेमतेम दोन ग्रॅमचे. त्यावरील मुखवट्याची घडण क्षत्रपांच्या नाण्यांवरून घेतलेली. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांवर नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारला होता. ज्यांच्या नाण्यांवर छाप मारून सुरुवात झाली, त्यांचीच शैली पुढे उचलली गेली. त्या शैलीतले नाक टाकसाळीतल्या कारागिराचे आहे.

नाणेघाटात सिमुक, नागनिका, सातकर्णी यांच्या प्रतिमा होत्या. आज वर नावे आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. कर्नाटकातल्या सन्नतीजवळ कनगनहळ्ळीच्या स्तूपावर सातकर्णी, पुळुमावी यांची नावांसह शिल्पे मिळाली, पण तिथे राजा ओळखायचा तो नावावरून. मुद्रा साचेबंद आहेत. बलश्रीने मुलाचे वर्णन केले तेही असेच : सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळासारखे मुख, पूर्णचंद्रासारखे दर्शन, उत्तम हत्तीसारखी चाल, नागराजासारखे बाहू. एका आईने एवढे सांगितले, पण रंग सांगितला नाही. तिला तो सांगण्याजोगा वाटला नाही.

राजाचा रंग कागदावर केव्हा येतो, याचे उत्तर आमच्याच शहरात आहे. छत्रपती संभाजीनगर ज्या खडकीवर उभे आहे, ती १६१० साली वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा कर्ता झाला. इथे वंशाबद्दल काही संदिग्ध नाही. जहांगीर त्याच्या रंगावरून त्याला हिणवतो, कारण रणात त्याला तो आवरत नव्हता. रंगाची नोंद झाली ती शत्रूच्या शिवीत. आणि ज्याच्या मुळाबद्दल शंका नाही, त्याच्यावर 'हा आमचा' म्हणून हक्क सांगायला फारसे कोणी पुढे येत नाही. त्याच्या नहरीचे पाणी मात्र शहराने पिढ्यानपिढ्या प्यायले. वंशाचा आग्रह ज्ञानासाठी असता, तर हे चित्र उलटे दिसले असते.

पूर्वज हवे असणे

एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. ज्यांना इतिहासातून हाकलले गेले, त्यांनी पूर्वज शोधले तर बिघडले काय? दिऑप यांचा ग्रंथ वसाहतवादाच्या अपमानाला उत्तर होता. १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त आर्य आक्रमणाची कल्पना उलटी फिरवून बळीराजा उभा केला, तोही न्यायासाठी. या भूकेचा मला आदर आहे. पण राजाचा वंश जिंकून ती भागत नाही, कारण तोच वंश उद्या दुसरा कोणी तितक्याच पुराव्यावर हिसकावून घेऊ शकतो. सन्मान अशा डळमळीत पुराव्यावर टांगू नये.

पूर्वज हवेच असतील, तर कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला जावे. तिथे एका खांबावर पैठणच्या मित्रदेव नावाच्या गंधी कुळाचे दान कोरले आहे. दुसरा दाता राजवैद्य मगिल. त्याने आपली ओळख आईच्या नावाने दिली आहे. यक्षाच्या मूर्तीवर घडवणाऱ्याची सही आहे : कण्हदास, सोनार. कार्ल्याला धेनुकाकटाचे यवन दाते आहेत आणि त्यांची नावे भारतीय वळणाची. ही माणसे गाव सांगतात, धंदा सांगतात, आई सांगतात आणि काय दिले ते सांगतात. स्वतःची ओळख सांगायला त्यांना इतके पुरले.

आपल्या पंचांगावरचा शालिवाहन शकही हेच सांगतो. कालगणना शक राजांची. तिला सातवाहनांच्या स्मृतीतले नाव चिकटले ते मध्ययुगात. जिंकणारा आणि हरणारा एकाच सनात नांदू लागले, आणि गुढी उभारताना त्यांचे वंश वेगळे करावेत असे कोणाला वाटले नाही. सातवाहनांवर यापुढे लिहिणाऱ्याने नाशिक, कान्हेरी, कोटिलिंगाला आणि पितळखोरे हे सारे एकत्र ठेवून लिहावे. त्यांतले काही वगळल्याशिवाय ज्याचा दावा उभा राहत नाही, त्याने तो मागे घ्यावा.