तुंबाडचं सोनं आणि कुळाचं पीठ

मिरकरवाड्याच्या जेटीवर उभं राहिलं की वर रत्नदुर्ग दिसतो. खाली मासळीचा वास, होड्यांची घरघर, जाळी सांधणारे हात. 'तुंबाड' हा हिंदी सिनेमा २०१८ साली आला आणि २०२४ साली पुन्हा थेटरात लागला, तेव्हा इथली पोरं छाती फुगवून सांगत होती, "आपल्या जिल्ह्यातलं पिक्चर हाय!" खरं आहे. तुंबाड हे गाव आमच्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं. नाव घेतलं ते श्री. ना. पेंडशांच्या १९८७ च्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. पण पडद्यावरचा तो पडका वाडा कोकणातला नाहीच. तो सासवडच्या सरदार पुरंदऱ्यांचा. आम्ही दोघं-तिघं मुद्दाम तो बघायला गेलो.

सासवड म्हणजे पावसानं पाठ फिरवलेला मुलूख. सिनेमात मात्र पाऊस थांबतच नाही. वाडा किल्ल्यासारखा. भक्कम दरवाजा, बुरूज. पेशव्यांच्या जवळच्या सरदाराचं घर, ते शोभेल असंच. दरवाज्यापुढं पोरं फोटो काढत होती. एकजण म्हणाला, "इथंच खजिना होता." आमच्यातला एक हळूच म्हणाला, "होता ना. पण आणला कुठून, ते विचार."

सवाल तोच आहे.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी पेशवाईची आरती ओवाळली नाही, हे आधी मान्य करू. ऐतिहासिक म्हणवणाऱ्या सिनेमांत भगवे, घोडे, तलवारी आणि नाचणाऱ्या राण्या यांचा बाजार भरतो. तो इथं नाही. इथं ब्राह्मणाचा वाडा आतून कुजलेला दाखवलाय. १९१८ ते १९४७ पर्यंत एका घराण्याची हाव बापाकडून लेकाकडं उतरते. एवढं धाडस आमच्याकडं फार जणांनी केलेलं नाही.

पण गोष्ट नीट बघा. हस्तर या देवाला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. तो भुकेला आहे. विनायक पिठाची बाहुली घेऊन जमिनीच्या पोटात उतरतो, देवाला भुलवतो आणि मोहरा पळवतो. उपमा जबरदस्त आहे. पण दोस्तांनो, ते पीठ कुणाचं? ते धान्य कुणी पिकवलं? पिठाची बाहुली पडद्यावर आहे, पिकवणारा कुठंच नाही. तुंबाडला जणू कुळं नव्हती, महारवाडा नव्हता, वेठ नव्हती!

इथं सिनेमा फसवतो. कोकणातल्या खोताची हाव कुठल्या शापित देवानं दिलेली नव्हती. ती कायद्यानं दिलेली होती. खोत सारा वसूल करायचा, कुळाच्या पिकातला मोठा वाटा न्यायचा, वर फुकट राबवून घ्यायचा. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळं मुंबईत मोर्चानं आली. कायदा झाला १९४९ साली. सिनेमात १९४७ उजाडतं तेव्हा विनायकला धास्ती पडते ती वाडा सरकारजमा होण्याची. जमीन कसणाऱ्याला त्या साली काय वाटलं असेल, हे कॅमेऱ्याला सुचत नाही. शोषणाचं भूत केलं की शोषक सुटतो. प्रेक्षक भुताला घाबरतो आणि घरी जाऊन झोपतो.

आणि जमिनीखाली काय पुरलंय हेच दाखवायचं, तर सासवडहून फार लांब जावं लागलं नसतं. जवळच पुरंदरचा किल्ला आहे. त्याची आख्यायिका अशी, की एक बुरूज उभा राहीना, सारखा ढासळायचा. म्हणून पायात नाथनाक आणि देवकाई ही दोन माणसं जिवंत गाडली. नावातला 'नाक' वाचा म्हणजे जात कळेल. मग बुरूज उभा राहिला. आख्यायिका म्हणून सोडून द्या हवं तर. पण आख्यायिकेनंही गाडायला माणूस कुठल्या वस्तीतला निवडला, हे सोडू नका. तुंबाडच्या पोटात सोन्याचा देव आहे. पुरंदरच्या पोटात आमची माणसं आहेत.

परतलो ते मिरकरवाड्यालाच. इथंही पडझड आहे. २०२५ च्या जानेवारीत बंदरातली बांधकामं बेकायदा ठरवून जेसीबीनं पाडली. त्या ढिगाऱ्यांपुढं कुणी फोटो काढायला उभं राहिलं नाही. वाडा पडला की वारसा, गरिबाचं छप्पर पडलं की अतिक्रमण!

'तुंबाड' जरूर बघा. चांगला सिनेमा आहे. वाडाही बघून या. पण दरवाज्यातून आत डोकावण्याआधी खाली वाका आणि पायाचा दगड बघा. ज्या दिवशी आमचा कुणी पोरगा कॅमेरा त्या दगडापाशी लावील, त्या दिवशी खजिना सापडेल. तो सोन्याचा नसेल.