जमा श्रेयांक आणि ग्राह्य श्रेयांक

एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या खिडकीवर हल्ली एक उत्तर ठरलेले असते : "तुमचे श्रेयांक बँकेत जमा आहेत, काळजी करू नका." हे उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. श्रेयांक जमा असणे आणि ते पदवीसाठी ग्राह्य धरले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2021 मध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची जी नियमावली काढली, तिचा मूळ दोष या दोहोंची गल्लत हाच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'बँक' हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. बेळगावात भरलेला रुपया कोल्हापुरात काढला तरी तो रुपयाच राहतो. श्रेयांकाचे तसे नाही. नियमावलीने श्रेयांक साठवण्याची सोय केली, त्यांना जास्तीत जास्त सात वर्षांचे आयुष्य दिले आणि ते खात्यावर चढवण्याचे काम संस्थांकडे सोपवले. (विद्यार्थ्याला स्वतः काही भरता येत नाही. संस्थेने आळस केला तर खाते रिकामेच दिसते.) परंतु नव्या संस्थेने ते कोणत्या विषयाच्या बदल्यात धरावेत, याविषयी तिने त्या संस्थेवर फारसे बंधन घातलेले नाही.

याच नियमावलीत आणखी एक अट आहे : पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान 50 टक्के श्रेयांक मिळवलेले असावेत. वाचताना ती निरुपद्रवी वाटते. चार वर्षांच्या 160 श्रेयांकांच्या पदवीत दोन वर्षे संपवून निघालेला विद्यार्थी 80 घेऊन येतो आणि अगदी काठावर तरतो. तीन वर्षांच्या 120 श्रेयांकांच्या पदवीत मात्र तशाच दोन वर्षांच्या 80 पैकी 60च उपयोगी पडतात, 20 वाया जातात. आपल्या समाजातील किती मुली दुसऱ्या वर्षानंतर लग्न होऊन बेळगावहून फोंड्याला किंवा मिरजेला जातात, हे आपल्या प्राध्यापकांना सांगण्याची गरज नाही. सीमाभागात तर हा प्रश्न दुपटीने बिकट आहे. चार वर्षांची पदवी 2021-22 मध्ये प्रथम कर्नाटकाने स्वीकारली आणि सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर 2024-25 पासून तोच पुन्हा तीन वर्षांवर आला. गोवा आणि महाराष्ट्र चार वर्षांच्या चौकटीत आहेत. कर्नाटकाच्या निर्णयामागे गरीब विद्यार्थ्यांवरील एका वर्षाच्या बोजाचा विचार होता व तो रास्त आहे. पण हद्द ओलांडणाऱ्या विद्यार्थ्याचे काय, हा प्रश्न त्यात सुटलेला नाही.

एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे जाताना वर्षाचे मापही बदलते. आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात वर्षाला 40 श्रेयांक आहेत. महाराष्ट्राच्या 20 एप्रिल 2023 च्या शासननिर्णयाने 40 ते 44 अशी मुभा ठेवली. जेथे 44 धरले गेले तेथे 40 घेऊन आलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी चारने मागे असतो.

तरीही एकूण बेरजेपेक्षा रकान्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या कम्युनिटी कॉलेजांना थेट भिडतो. आयोगाच्या आधीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कम्युनिटी कॉलेज व बी. व्होक. अभ्यासक्रमांत एका वर्षाचे 60 श्रेयांक : 24 सामान्य शिक्षणाचे, 36 कौशल्याचे. तेथे वर्गातला तास आणि कार्यशाळेतला तास सारखाच, 15 तासांना एक श्रेयांक. डिसेंबर 2022 च्या आराखड्यात व्याख्यानाचे 15 तास म्हणजे एक श्रेयांक, पण प्रात्यक्षिकाचे मात्र 30. म्हणजे शिवणकामाच्या, रेफ्रिजरेशनच्या वा रुग्णसाहाय्याच्या वर्गात कार्यशाळेत कमावलेले 36 श्रेयांक नव्या मापाने 18 उरतात. हाताने केलेल्या कामाची किंमत एका परिपत्रकाने निम्मी होते. पुढे हे 18 ठेवायचे कोठे? त्याच आराखड्यात कौशल्यवर्धनासाठी चार वर्षांत मिळून 9 श्रेयांकांची जागा आहे. उरलेले गौण विषयात बसवणे घेणाऱ्या विद्यापीठाच्या मर्जीवर. मुख्य विषयाच्या किमान 80 मध्ये ते धरले जाण्याची शक्यता जवळजवळ नाही. असा विद्यार्थी चार वर्षांच्या महाविद्यालयात पोचतो तेव्हा त्याच्या खात्यावरचा आकडा भरघोस असतो, आणि तरी त्याला पहिल्या सत्रापासून सुरुवात करावी लागते.

या अडचणीत आपण एकटे नाही. अमेरिकेत महाविद्यालय बदलणे ही जुनी आणि सर्रास चालणारी गोष्ट. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2017 साली दिलेल्या अहवालात, 2004 ते 2009 या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांनी सरासरी अंदाजे 43 टक्के श्रेयांक गमावले असे म्हटले आहे. त्या देशात सर्वांचा मिळून एक साठा नाही, पण फ्लोरिडा राज्याने सार्वजनिक संस्थांतील समान अभ्यासक्रमांना समान क्रमांक दिले आहेत. क्रमांक जुळला की घेणाऱ्या संस्थेने तो विषय मानलाच पाहिजे. आपण याच्या उलट केले : साठा आधी उभारला आणि समतेचा तक्ता विसरलो. गोवा विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ यांच्यात पहिल्या दोन वर्षांच्या मुख्य विषयांपुरता जरी असा तक्ता झाला, तरी सीमाभागातील बराच तोटा टळेल. अशी मागणी विद्वत्सभेपुढे नेण्याचा अधिकार आपल्यापैकी अनेकांना अभ्यासमंडळांचे सदस्य म्हणून आहे आणि तो आपण क्वचितच वापरतो, हेही मान्य केले पाहिजे.

तोवर जे हाती आहे ते करावे. विद्यार्थी निघतो तेव्हा आपण त्याला गुणपत्रक आणि स्थलांतर प्रमाणपत्र देतो. घेणाऱ्या संस्थेची समिती विचारते ते वेगळेच असते : विषयाचा पूर्ण अभ्यासक्रम, वापरलेली पुस्तके, व्याख्यानाचे तास किती, कार्यशाळेचे किती. तासांची ही फोड विभागप्रमुखाच्या सही-शिक्क्यासह आधीच दिलेली असेल तर 36 चे 18 का आणि किती झाले यावर निदान वाद घालता येतो. सहा महिन्यांनी ती मागवण्याची वेळ आली की कधी शिकवणारे कंत्राटी प्राध्यापक बदललेले असतात, कधी नोंदवही सापडत नाही. नव्या गावी घरच्यांची कशीबशी परवानगी मिळवलेली मुलगी तेवढे दिवस थांबत नाही.