‘उमटणे’ आणि ‘उमटविणे’

भ्रमणध्वनीवर बोट टेकताच तो उघडतो. हा अनुभव इतका नित्याचा झाला आहे की भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे काही असेल, अशी शंकाही येत नाही. तथापि या यंत्रणेला आपण ‘प्रमाणीकरण’ म्हणतो त्यात एक गोंधळ आहे, आणि तो केवळ शाब्दिक नाही.

मराठीत ठसा उमटतो आणि उमटविलाही जातो. पहिले क्रियापद अकर्मक. त्यास कोणाच्या इच्छेची अपेक्षा नाही. पाण्याच्या पेल्यावर ठसा आपोआप उमटतो. दुसरे प्रयोजक, तेथे उमटविणारा गृहीत धरावाच लागतो. ‘ओळख पटते’ आणि ‘संमती देतो’ यांतही हाच भेद आहे. आपल्या जुन्या कागदपत्रांत निरक्षर कुणब्याच्या नावापाशी ‘निशाणी नांगर’ आढळते. त्या नांगरावरून हा कुणबी नेमका कोण, हे मुळीच ठरत नसे (नांगर तर साऱ्या गावाचाच!), त्याने मान्यता दिली, एवढेच ठरे. पुढे नांगराच्या जागी डाव्या हाताचा अंगठा आला, आणि ओळख व मान्यता ही दोन्ही कार्ये एकाच खुणेवर पडली. मात्र तेथे साक्षीदार असत. अंगठा उमटविला की कोणी धरून उमटवून घेतला, हे त्यांना विचारता येई.

भ्रमणध्वनीत साक्षीदार नाही. २०१३ साली ॲपलच्या आयफोन ५एसमध्ये आलेला ‘टच आयडी’ घ्या. त्वचेवरील उंचवटे व खाचा यांमुळे विद्युत्‌धारकतेत पडणारा फरक तो टिपतो आणि साठविलेल्या गणिती नमुन्याशी ताडतो. बोट दर वेळी निराळ्या कोनातून टेकते; म्हणून तंतोतंत एकरूपता नव्हे, तर पुरेसे साम्य एवढीच त्याची कसोटी. परक्या बोटाने यंत्र फसण्याचा संभव ५०,०००त एक, असे ॲपल सांगते. चार आकडी संकेतांक अंदाजाने एका प्रयत्नात साधण्याचा संभव १०,०००त एक आहे. त्या मानाने हे उत्तमच. परंतु हा हिशेब ‘उमटणे’ या क्रियेचा झाला. निद्रिस्त माणसाचे बोट टेकविले तरी तो तितकाच खरा राहतो! फोन बाजारात आल्यावर आठवड्याच्या आतच जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लबने काचेवरून उचललेल्या ठशाचे कृत्रिम बोट बनवून तो उघडून दाखविला. फुटलेला संकेतांक बदलता येतो. बोटे मात्र दहाच.

निर्मात्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. फोन बंद करून पुन्हा सुरू केला, किंवा पाच वेळा ठसा जुळला नाही, तर तो संकेतांकच मागतो. म्हणजे अखेरचा शब्द शरीराचा नव्हे, स्मरणाचा. याहून बोलकी गोष्ट २०१७च्या आयफोन टेनमध्ये दिसते. तेथे बोटाऐवजी चेहरा आला. आणि चेहरा तर सतत समोर असतोच. तेव्हा पैसे देताना बाजूची कळ दोनदा दाबावी, अशी योजना करावी लागली. चेहऱ्याने ओळख पटते, कळीने संमती दिली जाते. बोटाच्या बाबतीत ही फारकत टच आयडीने केली नव्हती, कारण एका स्पर्शात दोन्ही सामावतात असे मानले गेले. आपल्या परिभाषाकारांनीही ते निमूटपणे मान्य केले आहे. निदान पारिभाषिक कोशात तरी ‘ओळख-पडताळणी’ व ‘संमतिदर्शन’ या नोंदी वेगळ्या कराव्यात, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे.