मोगँबो : अदृश्य नायक आणि दृश्य खलपुरुष

एच. जी. वेल्स यांच्या १८९७ मधील ‘द इन्व्हिजिबल मॅन’ या कादंबरीत अदृश्यत्व हे दुष्टतेचेच साधन होते. शेखर कपूर दिग्दर्शित ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) या हिंदी चित्रपटात ते सामर्थ्य एका सामान्य, सज्जन नायकाच्या हाती येते. नायकच डोळ्यांआड झाल्यामुळे पडदा व्यापण्याचा भार खलपुरुषावर पडतो. अमरीश पुरी यांच्या मोगँबोचा विचार या रचनेच्या संदर्भातच केला पाहिजे.

सोनेरी केस, लष्करी थाटाचा पोषाख, सिंहासन, गुप्त बेट ही सारी सामग्री मुळात हास्यास्पद आहे. पुरी मात्र तिची थट्टा करीत नाहीत. सत्यदेव दुबे यांच्या नाट्यप्रयोगांतून घडलेला हा नट देह स्थिर ठेवतो; हालतात ती आसनाच्या हातावरील बोटे आणि विस्फारलेले डोळे. त्यांचे तीन शब्दांचे प्रसिद्ध पालुपद क्रोधाचे नसून संतोषाचे आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्याच्या एका शब्दाखातर अनुचर मृत्युकुंडात उडी घेतात, त्याची प्रसन्नताच भयाचा विभाव ठरते. अशा रीतीने हास्य व भयानक हे रस येथे एकत्र नांदतात.

हिंदी चित्रपटव्यवसायात अमरावती-अकोल्याचा मुलूख ‘सी. पी. बेरार’ या वितरणक्षेत्रात मोडतो. दंडारीसारख्या लोकनाट्याशी परिचित असलेल्या येथील प्रेक्षकास ठसठशीत वेष व ठाशीव बोल परके नाहीत. मोगँबोच्या अभिनयाची जातकुळी वास्तववादी नसून याच उघड्या रंगभूमीच्या जवळची आहे. वास्तववादाच्या मापाने त्यास भडक ठरविणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

तथापि एक आक्षेप उरतो. खलपुरुष इतका रंजक झाला की त्याच्या दुष्कृत्याची धार बोथट होत नाही काय? याचे उत्तर टीनाच्या मृत्यूत आहे. बाँबस्फोटात ती बालिका बळी पडते आणि तोवर मोगँबोच्या बोलण्यावर हसलेला प्रेक्षक स्वतःच्या हसण्यापाशी अडखळतो. अखेरीस नायकही अदृश्यत्वाविना सामान्य माणूस म्हणून त्याच्यासमोर उभा राहतो. दुष्टतेचे आकर्षण नाकारून तिचा प्रतिकार होत नाही. ते ओळखूनच तो करावा लागतो. ही ओळख पटविण्यातच या भूमिकेचे खरे मोल आहे.