दार उघडणाऱ्यांचाच नमुना

‘ओपन स्टुडिओ’ म्हणजे एखाद्या शनिवार-रविवारी परिसरातले कलाकार आपल्या कामाच्या जागेचं दार लोकांसाठी उघडतात. हातात नकाशा घ्यायचा आणि घरोघर फिरायचं. कल्पना चांगलीच आहे. गॅलरीत पूर्ण झालेलं काम दिसतं, इथे ते होताना दिसतं. माझा आक्षेप आहे तो ‘आमच्या भागातले कलाकार सापडले’ या निष्कर्षावर. संशोधनाच्या भाषेत हा एक नमुना आहे. तो निवडला कसा, हे आधी विचारायला हवं.

समजा, दिवाळीनंतर बारामती-इंदापूर भागात असा उपक्रम केला. नकाशावर कोण येईल? ज्यांच्याकडे वेगळी खोली आहे, जे स्वतःला कलाकार म्हणवतात आणि ज्यांनी फॉर्म भरला, ते. गणपती रंगवणाऱ्यांकडे जायचं तर श्रावणात जायला हवं. घरी गोधडी शिवणाऱ्या आजी फॉर्म भरतील कशाला? त्यांना कलाकार कुणी म्हटलेलंच नसतं. इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं प्राचीन मंदिर उजनीचं पाणी ओसरलं की उघडं पडतं. धरण भरलेलं असताना मोजणी केलीत, तर त्यावरचं कोरीवकाम तुमच्या यादीत येणार नाही. दोष मंदिराचा नाही, तुमच्या तारखेचा आहे. याला सिलेक्शन बायस म्हणतात.

पण प्रश्न फक्त कोण सुटलं एवढाच नाही. शोधणारा काय घेऊन जातो, यानेही निकाल बदलू शकतो. वारली समाजात लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहिण्याचा मान परंपरेने सवाष्णींचा. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला विभागाच्या कामासाठी डहाणू भागात गेले. चित्र भिंतीवरून कागदावर आलं आणि जगाला कळलेलं पहिलं मोठं नाव ठरलं गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचं. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची रेषा थोर आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण भिंतीवर लिहिणाऱ्या किती बायकांची नावं आपल्याला सांगता येतात?

इथे थांबा. ‘कागद आला आणि बायका मागे पडल्या’ असं लिहायचा मोह होतो. पण हेच कुलकर्णी त्याआधी, 1960च्या दशकातल्या दुष्काळात, बिहारमधल्या मधुबनी भागात कागद घेऊन गेले होते. तिथेही भिंती रंगवायच्या त्या बायकाच. मात्र तिथे नावारूपाला बायकाच आल्या. जगदंबा देवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली. माणूस तोच, कागदही तोच, निकाल वेगळा. म्हणजे एकट्या कागदावर खापर फोडता येत नाही. बाजार, विधीचे नियम, घराबाहेर कोण पडू शकतं, हे सगळं तपासावं लागतं. एका उदाहरणावरून कारण ठरवू नका, ते यासाठीच.

त्यामुळे असा नकाशा हातात आला तर जरूर फिरा, पण वहीत चार गोष्टी लिहा: यादी कुणी केली, कोणत्या महिन्यात केली, ‘कलाकार’ कुणाला म्हटलं, आणि कोणतं दार बंद होतं. प्रत्येक घरी एक प्रश्न विचारा, ‘या कामातलं अजून कोण आहे, जे यादीत नाही?’ मिळालेल्या नावांकडे स्वतः जा. आणि निष्कर्षात ‘इथले कलाकार’ असं न लिहिता ‘त्या दोन दिवसांत दार उघडं ठेवणारे कलाकार’ असं लिहा. वाक्य लांबतं खरं, पण परीक्षकांसमोर ते टिकतं.